तणमोरासाठी गवत राखणाऱ्याला मोबदला द्या

जुलैत पाऊस लागून अकोला-वाशिमच्या माळावर गवत गुडघ्याला आलं की तणमोराचा नर उड्या घ्यायला लागतो. उभ्या जागेवरून सरळ वर, दीड-दोन मीटर, पंख फडफडवत, मान मागे टाकून. आणि वर पोचतो न पोचतो तोच पुन्हा गवतात. पंखांचा टर्र आवाज तेवढा लांबवर ऐकू जातो. दिवसभरात अशा चार-पाचशे उड्या. गवत त्याच्या डोक्यावरून जातं. आपण इथे आहोत हे मादीला आणि शेजारच्या नराला कळवायचं तर गवताच्या वर यावंच लागतं, म्हणून ही मेहनत. एरवी मातकट दिसणारा हा पक्षी विणीच्या दिवसांत डोक्यापासून पोटापर्यंत काळाभोर होतो, मानेच्या बुडाशी पांढरा पट्टा येतो आणि दोन्ही कानांमागून तीन-तीन बारीक लांब पिसं निघतात, टोकाला रुंद होऊन वर वळलेली. माळढोकाच्या कुळातला हा आपल्याकडचा सगळ्यात लहान पक्षी. वजन जेमतेम अर्धा किलो. मादी नरापेक्षा थोडी थोराड.

२०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत टाकलं. त्याआधी २०१७-१८ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि इतर संस्थांनी मिळून त्याच्या विणीच्या राज्यांत पाहणी केली होती. दोन दशकांपूर्वीच्या तुलनेत सुमारे ८० टक्के घट झाल्याचं त्यातून पुढे आलं. आज जगात उरलेले प्रौढ तणमोर काहीशे, फार तर हजाराच्या आसपास असावेत. आणि जग म्हणजे जवळपास सगळा भारतच: राजस्थानात अजमेर-भिलवाड्याचा पट्टा, गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर, मध्य प्रदेशात रतलाम-धार-झाबुआ, आणि महाराष्ट्रात मुख्यतः पश्चिम विदर्भ.

या घसरणीच्या बातम्या बऱ्याच आल्या. त्याआधीचे आकडे मात्र कोणी फारसे काढून पाहत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. १९८२ मध्ये तणमोरांची संख्या सुमारे ४,३७४ असावी असा अंदाज होता. १९८९ मध्ये ती १,६७२ वर आली. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळांनी गवत वाढलंच नाही, तर पक्षी कुठे घरटी घालणार? पुढे रवी शंकरन या अभ्यासकाने या पक्ष्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या १९९९ च्या पाहणीत अंदाज निघाला ३,५३० चा. म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून जास्त. त्या काळात कुठे प्रजनन केंद्र नव्हतं, अंडी उबवायची यंत्रं नव्हती, उपग्रहाचे पट्टे नव्हते. पाऊस परतला, माळावर गवत उरलं होतं, आणि पक्ष्याने बाकीचं स्वतः केलं. मादी एका वेळी तीन-चार अंडी घालते, एकवीस दिवस एकटीच उबवते, पिल्लंही एकटीच वाढवते. एवढ्या जोमाने भरून निघणारा पक्षी नंतरच्या वीस वर्षांत ८० टक्क्यांनी घसरला. दुष्काळ या काळातही आले आणि गेले. पण पाऊस परतला तेव्हा परतायला माळच उरला नव्हता, असं माझं मत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की तणमोर वाचवायचा तर सरकारने आपला बहुतेक पैसा आणि बहुतेक शहाणपण एकाच गोष्टीत घालावं: पावसाळ्याचे चार महिने गवत राखणाऱ्या माणसांना त्या राखणीचा रोख मोबदला देणं. शेतकरी, गुराखी, ग्रामसभा आणि सगळ्यात आधी फासे पारधी. अभयारण्याची अधिसूचना, प्रजनन केंद्र, पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून वीजतारांवर लावायच्या चकत्या हे सगळं त्यानंतर.

अभयारण्य नंतर का, ते सांगतो. तणमोर पावसामागे जाणारा पक्षी आहे. यंदा एका तालुक्यात पाऊस चांगला झाला तर तिथे दिसेल, पुढच्या वर्षी तिथे पाऊस ओढला तर पन्नास कोसांवर दुसऱ्या माळावर. विणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात तो उठतो आणि हिवाळा-उन्हाळा दुसरीकडेच काढतो. कुठे, हे बराच काळ कोणालाच नीट माहीत नव्हतं. भारतीय वन्यजीव संस्थेने राजस्थानातल्या काही पक्ष्यांवर उपग्रह-यंत्रं बसवली तेव्हा अजमेर जिल्ह्यातला एक नर सुमारे हजार किलोमीटर उडून आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात येऊन थांबल्याचं दिसलं. म्हणजे महाराष्ट्राची जबाबदारी दुहेरी आहे. विदर्भातला माळ त्याच्या विणीचा, आणि दख्खनचा माळ त्याच्या मुक्कामाचा. अशा पक्ष्याला नकाशावर एक चौकोन आखून दिला तर तो त्यात राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

चौकोन आखून काय होतं याचे दाखले आपल्यासमोर आहेत. मध्य प्रदेशात १९८३ मध्ये तणमोरासाठी दोन अभयारण्यं झाली, सैलाना आणि सरदारपूर. धार जिल्ह्यातलं सरदारपूर अभयारण्य तेव्हा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या जवळपास होतं. त्यातली बरीचशी जमीन गावकऱ्यांच्या मालकीची. अधिसूचना निघाली आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला दोन बिघे विकायचे तर रजिस्ट्री होईना. दोष कोणाच्या माथी? पक्ष्याच्या. आपल्या शेतात तणमोर दिसला हे सांगायचंही लोक टाळायला लागले. महाराष्ट्रात माळढोकाच्या बाबतीत हेच घडलं. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगरच्या मुलखात तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, ज्यात शहरं, कारखाने, उसाचे मळे सगळंच आलं. लोकांच्या रोषातून आणि कोर्टकचेऱ्यांतून ते २०१२ मध्ये १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर नान्नजच्या माळावरचा माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. आज महाराष्ट्रात तो जवळपास संपल्यात जमा आहे.

भरतपूरचं उदाहरण तर त्याहून कडू आहे, आणि ते मुंबईच्या बीएनएचएसनेच अभ्यासलेलं आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. पिढ्यान्पिढ्या तिथे गुरं चारणारे गावकरी विरोधाला उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, काही माणसं मेली. बंदी पक्ष्यांच्या भल्यासाठी होती, आणि सलीम अलींसह अनेकांना तेव्हा ती योग्य वाटत होती. पण बीएनएचएसच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून उलटंच निघालं. म्हशी गेल्या आणि पाण्यावर एका जातीचं गवत माजलं. उथळ उघडं पाणी कमी झालं. सायबेरियन क्रौंचाला लागणारे कंद चिखलात होते, पण तिथवर चोच पोचेना. क्रौंच कमी होण्याची कारणं आणखीही होती: अफगाणिस्तान-पाकिस्तानातली शिकार, वाटेतल्या तळ्यांची दुर्दशा, पुढे भरतपूरला पाणीच कमी येणं. साठच्या दशकात शे-दोनशेच्या संख्येने येणारे हे पक्षी २००२ नंतर भरतपुरात आले नाहीत. नव्वदच्या दशकात पिंजऱ्यात वाढवलेली क्रौंचांची पिल्लं तिथे सोडूनही पाहिली होती. जंगली क्रौंचांबरोबर ती उत्तरेला गेली नाहीत. स्थलांतराची वाट पिल्लू मोठ्यांबरोबर उडून शिकतं. ती वाट एकदा तुटली की केंद्रात अंडी उबवून ती पुन्हा जोडता येत नाही. तणमोराच्या प्रजनन केंद्राबद्दल उत्साहाने बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. केंद्र असावं, शेवटचा आसरा म्हणून असावं. पण तिथली पिल्लं सोडायची कुठे, हा प्रश्न केंद्राच्या कुंपणाबाहेरच सुटणार आहे.

तर तो माळ गेला कुठे?

विदर्भात गावाच्या सामायिक चराऊ सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात, बाकी महाराष्ट्रात गायरान. पवना, मारवेल, कुसळी, तिखाडी अशी गवतं तिथे उगवतात. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्यांच्या शेळ्या-गाई यावर जगतात आणि तणमोर, चंडोल, लावे, कोल्हे, खोकड हे सगळं यावरच जगतं. सरकारी दफ्तरात मात्र या जमिनीचं काम एवढंच की कोणत्याही नव्या योजनेला जागा लागली की हिच्यावर बोट ठेवायचं. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह सरकार काढतं त्यातही गवताळ आणि झुडपी प्रदेश मोठ्या प्रमाणावर पडीक म्हणूनच धरलेला आहे. एकदा ती नोंद झाली की तिथे काहीही करणं म्हणजे सुधारणा ठरते.

पहिली सुधारणा झाडांची. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपं लावण्याची उद्दिष्टं महाराष्ट्राने घेतली. यातली पुष्कळ रोपं माळांवर गेली, कारण मोकळी जागा तिथेच दिसते. जेसीबीने सलग समतल चर खोदायचे, गवताची मुळं उपटायची आणि त्या मातीत गिरिपुष्प नाहीतर आणखी काही लावून टाकायचं. उघडा माळ पाहिला की आपल्याकडे सगळ्यांनाच, अगदी चांगल्या हेतूने, झाडं लावावीशी वाटतात. शाळेची मुलं, रोटरी क्लब, वनविभाग, आमदार, सगळे खड्डे घेऊन तयार. तणमोराला झाडं नकोत. त्याला दूरवर दिसायला हवं, आणि झाडावर बसलेला शिकारी पक्षी त्याच्या पिल्लांना टिपतो. जमलं तर या एका विषयावर शाळांमध्ये वेगळा धडा हवा, इतकी ही समजूत खोल गेली आहे.

दुसरी सुधारणा आता सौरऊर्जेची. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. उद्देश चांगला आहे, आणि रात्री-अपरात्री मोटार लावायला जाऊन साप चावलेल्यांची घरं पाहिलेल्या कोणालाही तो पटेल. पण वीज उपकेंद्राजवळची सरकारी जमीन शोधताना नजर गायरानावरच जाते, आणि गावोगावी त्यावरून वादही झाले आहेत. अडचण अशी की भूभागावरच्या सौर प्रकल्पांना केंद्राच्या पर्यावरण मंजुरीची अटच नाही. जागेची पाहणी होते तीही बहुधा उन्हाळ्यात, जेव्हा गवत वाळून भुईसपाट झालेलं असतं आणि तणमोर तिथे नसतोच. मे महिन्यात तलाठी आणि कंपनीचा माणूस येऊन बघतात तेव्हा त्यांना रखरखीत जमीन दिसते; त्यांनी खोटं काहीच लिहिलेलं नसतं. माझी मागणी इतकीच की पश्चिम विदर्भातल्या कोणत्याही ई-क्लास जमिनीचा निर्णय जुलै-ऑगस्टात एकदा पाहणी केल्याशिवाय होऊ नये. एक पावसाळा थांबल्याने राज्याची वीज अडणार नाही.

उडते पक्षी ज्यांवर आदळतात त्या वीजतारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, हे खरं. २०१९ मध्ये माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी माळढोक आणि तणमोर दोघांसाठी याचिका केली. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश दिला, २०२४ मध्ये तो सैल करून समिती नेमली. पण सगळा भर राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या प्रदेशावर राहिला. याचिकेत नाव असूनही तणमोर मागच्या बाकावर बसला आणि विदर्भाचा तर विषयच निघाला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. गायरान वाचवा म्हटलं की काही लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच अतिक्रमण हटवणारा बुलडोझर येतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणं काढायला सांगितली तेव्हा लाखो कुटुंबं हादरली होती. त्यांत भूमिहीन दलित आणि भटके-विमुक्त फार मोठ्या संख्येने होते. गायरानाचा तुकडा कसायला मिळावा म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये या राज्यात सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. तो हक्क मी मानतो. ज्यांनी दोन-तीन एकरांवर घाम गाळून ज्वारी काढली त्यांना तणमोराचं नाव सांगून उठवायला कोणी निघालं तर मी त्या कुटुंबांच्या बाजूने उभा राहीन. त्यांच्या ज्वारी-मुगाच्या शेतात तणमोर राहूही शकतो, राहिलेलाही आहे. त्याला जे सोसवत नाही ते शेकडो एकरांवरचं लोखंडी कुंपण आणि झाडांच्या रांगा. पक्षीप्रेमी मंडळींनी हा फरक नीट लक्षात घेतला नाही तर गावातलं एकही गरीब माणूस आपल्या बाजूला येणार नाही, आणि त्यांनी यावं तरी का?

शेतांचं बोलायचं तर माळ आकसल्यावर तणमोर पिकांत शिरला. माळव्यात आणि वाशिमकडे तो सोयाबीनमध्ये दिसतो. जुलैच्या शेवटी सोयाबीन टीचभर वाढलेलं असतं, आडोसा देतं, मादीला ते गवतासारखं वाटत असावं. पण त्याच दिवसांत डवरणी, म्हणजे तण काढायला पिकाच्या ओळींतून डवरा फिरवणं, असते, तणनाशकाची आणि कीटकनाशकाची फवारणी असते. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हेच पिल्लांचं मुख्य खाणं. ते फवारणीत जातं. घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा. डवऱ्याचा एक फेरा तिथून गेला की संपलं, आणि माणसाला कळतही नाही. जी मादी वाचते तिची पिल्लं मूग-उडदाच्या काढणीत किंवा मोकाट कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला याबद्दल दोष देणं मला अश्लाघ्य वाटतं. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला की त्याचं काय होतं ते आपण दरवर्षी वाचतो. त्याने पक्ष्यासाठी पदरमोड करावी असं पुण्या-मुंबईत बसून म्हणू नये. त्याला पैसे द्यावेत.

मध्य प्रदेशात सैलानाकडे वनविभागाने याची एक छोटी सुरुवात केली होती. शेतात तणमोर असल्याची खबर देणाऱ्या आणि त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत बक्षीस. सरदारपूरच्या बंदीपेक्षा हा विचार कितीतरी शहाणा. त्यातली उणीव एवढीच की बक्षीस पक्षी दिसण्यावर आहे. पक्षी यंदा माझ्याकडे आला, पुढच्या साली शेजाऱ्याकडे जाणार. मग गवत मी का राखू? पैसे पक्ष्यावर न देता गवतावर द्यायला हवेत. एक जुलै ते पंधरा ऑक्टोबर या काळात ज्याने ठरलेल्या तुकड्यात गुरं सोडली नाहीत, कापणी केली नाही, फवारलं नाही, त्याला हेक्टरी ठरलेली रक्कम, पक्षी येवो न येवो. पंधरा ऑक्टोबरनंतर गवत त्याचंच: कापावं, विकावं, चारावं. भरतपूरने शिकवलंच आहे की चराई कायमची बंद करणं गवतालाही मानवत नाही. ई-क्लास जमिनीचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात जावेत, आणि गुरं दुसरीकडे न्यावी लागणाऱ्या गुराख्यांचा त्यात पहिला हिस्सा असावा.

राहिले फासे पारधी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात ते सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींची जी पद्धत सुरू केली तिच्या जाळ्यात पारधी सापडले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. पोलीस ठाण्यातून आणि गावकऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही; कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, धाड पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचं पोट भरायचं साधनच गुन्हा ठरलं आणि बदल्यात कोणी काही दिलं नाही. त्यांचा धंदा म्हणजे फास लावणं: एका दोरीवर ओळीने बारीक फासे, ती दोरी गवतात खुंट्यांनी ताणलेली, आणि तितर-लाव्यांना हळूहळू त्या दिशेला वळवत न्यायचं. हे जमायला पक्षी कुठून चालतो, कुठे बसतो, पावसाआधी काय करतो, कोणत्या हाकेला थांबतो हे हाडामासात भिनलेलं असावं लागतं. वनविभागाचा बीटगार्ड, बिचारा, वाघाच्या जंगलातून बदली होऊन आलेला असतो. समोरच्या माळात तणमोराचे चार नर बोलत असले तरी त्याला ते बेडूक वाटतील. पारध्याच्या दहा वर्षांच्या पोरालाही तसं वाटणार नाही.

अकोला-वाशिमकडे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या ‘संवेदना’ संस्थेने नेमकं हेच ओळखलं. फासे पारध्यांबरोबर बसून, त्यांच्याच पंचांशी बोलून, त्यांनी तणमोराचं काम उभं केलं. कालपर्यंत फास लावणारी माणसं आज नर कुठे बोलतो याच्या नोंदी ठेवतात, माळाचे तुकडे आगीपासून आणि अवेळी चराईपासून राखतात. महाराष्ट्रात या पक्ष्याबद्दल जे काही खात्रीने माहीत आहे त्यातलं बरंचसं या लोकांमुळे माहीत आहे. आणि एवढं करूनही त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर ना जमीन, ना पगार.

शिकार करणाऱ्यांना पैसे देणं म्हणजे शिकारीला बक्षीस देणं, असा आक्षेप मी ऐकला आहे. नागालँडमध्ये २०१२ साली दोयांग जलाशयापाशी अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले जात होते. चित्रफिती जगभर गेल्या. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती शिकार थांबली. फौजफाट्याने ती थांबली नाही. गावच्या परिषदांनी, चर्चने आणि स्वतः जाळी लावणाऱ्यांनी थांबवली, कारण त्यांच्याशी कोणीतरी बरोबरीने बसून बोललं. तेच ससाणे आफ्रिकेच्या वाटेवर नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या आसपास उतरतात आणि आपण कॅमेरे घेऊन धावतो. दोयांगजवळच्या पांगती गावाने जे केलं ते बेड्यावरची माणसं करू शकणार नाहीत असं मानायला काहीच आधार नाही. उलट त्यांनी ते करायला घेतलेलंच आहे.

आता खर्चाचं. समजा राज्याने पश्चिम विदर्भात दोनशे पारधी स्त्री-पुरुषांना पावसाळ्याचे १२० दिवस रोज पाचशे रुपयांवर राखणदार आणि नोंदणीदार म्हणून नेमलं. होतात एक कोटी वीस लाख. समजा पाच हजार हेक्टर माळ आणि शेत हेक्टरी दहा हजार रुपये देऊन राखलं. होतात पाच कोटी. सगळं मिळून वर्षाला सव्वासहा कोटींच्या आत. पैसा आणायचा कुठून असं कोणी विचारू नये. जंगल तोडल्याच्या भरपाईपोटी जमा झालेल्या निधीतून २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम दिली, त्यात महाराष्ट्राला आले ३,८४४ कोटी. त्या पैशातून आपण काय करतो? बहुतांशी झाडं लावतो, आणि त्यातली काही माळावर. ज्या निधीने तणमोराचा माळ खोदला जातो त्याच निधीतून तो राखायला सहा कोटी काढणं ही मोठी मागणी नाही.

कायद्यातही वाट आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आली. जमीन संपादन न करता, मालकी न बदलता, गावाच्या संमतीने एखादा माळ राखता येतो आणि त्याचा कारभार गावातलीच समिती पाहते. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळवून गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने जंगलाचं काय केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. ज्या ई-क्लास जमिनी वनजमिनीत मोडतात तिथे पारधी आणि गुराखी यांचे तसे दावे दाखल व्हायला हवेत. जिथे मोडत नाहीत तिथे महसूल विभागाने ग्रामसभेशी दहा-वीस वर्षांचा राखणीचा करार करावा. सरदारपूरसारखी रजिस्ट्री बंद करायचं नाव कोणी काढू नये.

यातलं काय कधी व्हायला हवं हेही सांगतो, कारण या पक्ष्याचं वेळापत्रक आर्थिक वर्षाशी जुळत नाही. पावसाळ्याची मजुरी मार्चअखेरच्या धावपळीत मंजूर होऊन दिवाळीत हातात पडली तर उपयोग शून्य. अकोला, वाशिम आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या शंभर एकरांहून मोठ्या ई-क्लास तुकड्यांची यादी फेब्रुवारीपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात तयार हवी, आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्यावरचं वृक्षलागवडीचं व चर खोदण्याचं काम त्याच दिवशी थांबवायला हवं. एप्रिलमध्ये ग्रामसभांशी करार, मेमध्ये राखणदारांची नेमणूक, त्यात पहिली पसंती पारध्यांना, ओळखपत्रासह, म्हणजे माळावर फिरताना पोलिसांनी अडवलं तर दाखवायला काहीतरी असेल. मजुरी दर पंधरवड्याला थेट खात्यात. जूनच्या मध्यापासून नोंदी सुरू. पहिल्या वर्षी नर कमी दिसले म्हणून योजना गुंडाळू नये. निदान पाच पावसाळे द्यायला हवेत, कारण १९८९ नंतर हा पक्षी सावरला तोही एका वर्षात सावरला नव्हता. आणि नगर-सोलापूरकडच्या हिवाळी मुक्कामाच्या माळांची पाहणी याच काळात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, धनगर मेंढपाळांना सोबत घेऊन सुरू करावी. हिवाळ्यातला तणमोर उड्या मारत नाही, आवाज करत नाही. कळपामागे रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला तो दिसण्याची शक्यता कोणत्याही अभ्यासकापेक्षा जास्त आहे.